शेवटची पेटी

मला ती चूक दिसायला तीन सेकंदही लागले नाहीत, आणि दिसल्या दिसल्या मी बोलून मोकळी झाले. गोष्ट खरं तर एवढीच. पण रायवळ आंब्याचा धागा दातात अडकावा आणि जीभ राहून राहून तिथेच जावी, तसं त्या रात्री माझं झालं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, देवगड तालुक्यातलं आमचं घर. घराच्या खालच्या अंगाला मांगर, म्हणजे शेतीकामाचं खोपटं, आहे, आणि या दिवसांत तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत आंबा एके आंबा. झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, काढलेलं फळ गडी क्रेटमधून आणून अलगद उतरवतात. आई आणि वहिनी पाट टाकून बसतात, डागी बाजूला काढतात आणि बाकीचं मोठं, मधलं, बारीक असं निवडून पेंढ्याच्या थरांत लावत जातात. मोठं फळ असलं तर पेटीत चार डझन बसतं, मधलं पाच, बारीक सहा. त्यामुळे नुसत्या पेट्या मोजून भागत नाही. कुठल्या पेटीत किती डझन ते लिहावं लागतं आणि वाशीला जाणारा टेंपो यायच्या आत त्याची बेरीज करावी लागते. हे काम दादाचं. कानावरची पेन्सिल, पुठ्ठ्याची वही, आणि बेरीज करताना हलणारे ओठ. यंदा त्याच्या मुलीने ठरवलं की ही वही बंद करायची. घरात सगळे तिला बायच म्हणतात. कॉलेजचं पहिलं वर्ष, पायथॉन ही संगणकाची भाषा शिकतेय. पुस्तकातली विद्यार्थ्यांच्या गुणांची आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाची उदाहरणं सोडवून कंटाळलेल्या मुलीला घरातलंच उदाहरण सापडावं, याचं मला कोण कौतुक वाटलं होतं. व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्राममध्ये आकडे ठेवायच्या डब्यांची, नावंही तिने देवनागरीत दिली होती. पायथॉनला ते चालतं. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कधी तसं करून बघावंसं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी २३ पेट्या झाल्या. दादाच्या वहीत बेरीज ११८ डझन. बायचा प्रोग्राम म्हणाला, ४.

तासभर ती त्या चारशी झटत होती. पेट्यांची यादी दोनदा तपासली, प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवला, एकदा तर सगळं पुसून नव्याने टाईप केलं. पुन्हा चारच. मी पडवीत कोकम सरबत पीत बसले होते. ती लॅपटॉप उचलून माझ्याकडे आली नाही, कारण त्याची बॅटरी कधीच मेली आहे, चार्जरची पिन जरा हलली तरी पडदा काळा होतो. तिने मलाच तिच्याकडे बोलावलं. मी तिच्या खांद्यावरून वाकले आणि नजर नेमकी त्या ओळीवर पडली.

बेरीज =+ डझन

"अगं, उलटं लिहिलंयस. आधी अधिक, मग बरोबर." मी पडद्यावर बोटसुद्धा ठेवलं. बायने एक क्षण माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सुटल्याचा आनंद नव्हता. लपाछपीत आपण शोधत असताना तिसऱ्याच कुणीतरी "तो बघ, माडामागे" असं ओरडून सांगावं, तसा चेहरा. तिने मुकाट्याने दोन चिन्हांची अदलाबदल केली. आता चालवून बघायचं, तेवढ्यात वीज गेली. गावभर एकदम काळोख, मांगरातून वहिनीचं "घ्या!", आणि मग सगळ्यांचे आवाज थांबल्यावर खालून येणारी समुद्राची गाज. बायने लॅपटॉप मिटला. "उद्या बघू," म्हणाली आणि आत गेली.

ज्यांनी या वाटेला कधी पाऊल ठेवलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अधिक आणि बरोबर या क्रमाने लिहिलं तर यंत्र समजतं, आधीच्या बेरजेत ही नवी पेटी मिळव. बरोबर आणि अधिक असं लिहिलं तर समजतं, बेरजेच्या जागी 'अधिक चार' ठेव. आता अधिक चार म्हणजे चारच. पहिली पेटी आली, पाच. दुसरी आली, पाच गेले, पुन्हा पाच बसले. तिसरी आली, तेही गेले, सहा बसले. अशा बावीस पेट्या आल्या आणि गेल्या, आणि शेवटी जी उरली ती शेवटची. यात कठीण भाग असा की यंत्र कुठेही अडत नाही. लाल अक्षरांत काही ओरडत नाही. तुम्ही लिहिलेलं वाक्य त्याच्या व्याकरणात शुद्ध आहे, अर्थही लागतो आहे, फक्त तुमच्या मनातला अर्थ तो नव्हे. हापूसला साका धरतो तसलं हे. बाहेरून फळ पिवळंधमक, देठाशी वास, साल निर्दोष. सुरी लावली की आत पांढरट, बेचव गाभा. वरून हात फिरवून ओळखणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

माझ्या वाट्याला याच जातीची चूक आली होती, तिची चुलत बहीण म्हणा. बारावीनंतर मी शिकायला घाटावर गेले. टर्बो सीचा, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरचा, निळा पडदा, लॅबच्या दाराशी चपलांचा ढीग, आत एसीचा गारठा, आणि आठवड्यातून मिळणारे दोन-दोन तास. वाचनालयाचा प्रोग्राम लिहायचा होता. एक दाबलं की नवीन पुस्तकाची नोंद, दोन दाबलं की पुस्तक देणं, तीन दाबलं की परत घेणं. माझ्या वाचनालयात काहीही दाबा, नवीन पुस्तकाचीच नोंद व्हायची. तीन लॅब गेल्या. रात्री हॉस्टेलच्या खोलीत मी वहीत प्रोग्राम उतरवून, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायची. तिसऱ्या लॅबला आमचे सर मागे येऊन उभे राहिले. हातात चहाचा ग्लास, जो लॅबमध्ये आणायला सक्त मनाई होती. म्हणाले, "ती ओळ मोठ्याने वाच." मी वाचलं, "जर पर्याय बरोबर एक." ते म्हणाले, "तू विचारते आहेस का सांगते आहेस?" आणि निघून गेले.

पुढचा अर्धा तास मी त्या ओळीकडे बघत होते.

आपल्या शाळेत 'दोन अधिक दोन बरोबर चार' असंच म्हणतात ना. तेच बरोबर चुकीच्या विरुद्धचं, तेच 'माझ्याबरोबर ये' मधलं. एवढ्या कामांना जुंपलेल्या शब्दाने आणखी एक ओझं उचललं तर कुणाच्या लक्षात येणार? सी भाषेत मात्र एक बरोबर म्हणजे 'यात हे ठेव', आणि दोन बरोबर म्हणजे 'हे आणि ते सारखं आहे का?' मी एकच चिन्ह दिलं होतं. म्हणजे वापरणाऱ्याने काय दाबलं हे विचारण्याऐवजी मी स्वतःच त्याच्या तोंडात एक घालत होते, आणि एक म्हणजे शून्य नव्हे, म्हणजे खरं, म्हणजे चला नव्या पुस्तकाकडे. हे चिन्ह ज्याने पहिल्यांदा छापलं तो रॉबर्ट रेकॉर्ड वेल्समधला. साल १५५७. दर वेळी 'च्या बरोबर आहे' असं लिहायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. चारशे वर्षं त्या रेघा सरळमार्गी राहिल्या. मग प्रोग्रामिंगवाल्यांनी त्यांना ठेवण्या-उचलण्याच्या कामाला लावलं. पास्कलसारख्या भाषांनी बरोबरच्या आधी विसर्गासारखे दोन टिंब लावून वेगळेपण राखलं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सनने बी भाषा केली तेव्हा मात्र ठेवण्यासाठी एक रेघजोडी आणि तपासण्यासाठी दोन, असा व्यवहार ठरला, आणि तो सीमध्ये उतरला. ठेवण्याचं काम जास्त वेळा पडतं, मग त्याला लहान चिन्ह, असा हिशोब. दुकानदाराला पटेल असा. त्याची किंमत किती असू शकते ते २००३च्या नोव्हेंबरात दिसलं. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर बघता वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का, एवढीच तपासणी. प्रत्यक्षात एक बरोबर कमी होता, म्हणजे तपासणी नव्हेच, क्रमांक शून्य करून टाकणं. आणि त्या राज्यात शून्य क्रमांक म्हणजे राजा. मूळ नोंदींशी तो बदल जुळेना म्हणून पकडला गेला, नाहीतर कुठल्या वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो खुपला असता, देव जाणे.

पण त्या रात्री डासांशी झुंजत खाटेवर पडले असताना मला खरं छळत होतं ते दुसरंच. बायने लिहिलं ते एके काळी बरोबर होतं! बीमध्ये आणि सुरुवातीच्या सीमध्ये आधी बरोबर आणि मग अधिक, असंच लिहायचे. त्याची पंचाईत वजा करताना व्हायची. 'क्ष बरोबर वजा दहा' हे जोडून लिहिलं तर क्षमधून दहा वजा करायचे, की क्षमध्ये उणे दहा ठेवायचे? यंत्र पहिलाच अर्थ घ्यायचं. शेवटी १९७६ साली चिन्हांचा क्रम फिरवला. सीचा कर्ता डेनिस रिची यानेच पुढे लिहून ठेवलं आहे की ती चूकच होती, आणि बीमध्ये ते हाताळणं मोहात पाडण्याइतकं सोपं होतं म्हणून ती झाली. हे मी बायला सांगायला हवं होतं. "उलटं लिहिलंयस" ऐवजी "यावर भल्याभल्यांनी वर्षं घालवली आहेत, तू शोध" एवढं तरी. पण ऑफिसात पोरांचा कोड तपासून तपासून माझ्या डोळ्यांना आणि जिभेला एकच वळण पडलंय. चूक दिसली की बोट. गावी येऊन पायातल्या चपला काढल्या, ते वळण काढायचं राहिलं.

वीज नव्हतीच. पंखा बंद असला की जुनं घर बोलायला लागतं. वाशांत उंदीर, कौलांवर पडणारी सुकी पानं, आणि आईच्या खोलीतलं खोकणं. तो खोकला बाबांच्या खोकल्यासारखा होत चाललाय, हे मला याच खेपेला जाणवलं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आणि इथे मला स्वतःशी कबूल करावं लागलं की बाबा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते शेवटचे अकरा दिवस येतात. नाकावरचा मास्क, हाताला सुजलेली सुईची जागा, आणि "घराक नेवा माका" म्हणताना न फुटणारा आवाज. त्याच्या आधीची ऐंशी वर्षं कुठे गेली? साठ-सत्तर कलमांची बाग उभी केलेला माणूस, तो कुठे गेला? शेवटची पेटी तेवढी उरली होती. प्रोग्रामची चूक तीन सेकंदांत पकडणारी मी चार वर्षं हेच करत होते आणि मला पत्ता नव्हता. बाबांचं लिहिणं तर कसं होतं! त्यांच्या वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' आणि तळाशी 'पुढील पानावर', त्यातला आकडा जराही न चुकता. सातबारासुद्धा त्यांच्याहून निराळा वागत नाही. बाबा गेल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला, खाली आईचं, दादाचं, माझं नाव लागलं, आणि त्यांच्या नावाला कंस पडला. पुसलं नाही. कंसात का होईना, माणूस उताऱ्यावर दिसत राहतो.

अंधारात मी एक-एक पेटी मागे जायचा प्रयत्न केला. आधी काहीच येईना. मग हात आले. चीक उडून उडून मनगटापर्यंत काळे डाग पडलेले, त्यातला एक डाग अगदी गोव्याच्या नकाशासारखा. मग त्या हातांतली सुपारी आणि अडकित्त्याचा कट्ट आवाज. मग खाडीकाठचा धक्का, मी सात-आठ वर्षांची, आणि बाबा विचारताहेत, "आज तिथी खयची?" मी म्हणते, अष्टमी. "मगे भरती किती वाजता?" तिथीची पाऊणपट. आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता पाणी भरणार. घड्याळ नाही, तक्ता नाही, आकाशाकडे बघायचीही गरज नाही, फक्त तिथी आणि पाऊणकी. माझ्या आयुष्यातला पहिला प्रोग्राम तो, आणि तो मला त्यांनी सांगितला नव्हता. आठवडाभर रोज नुसती तिथी आणि वेळ सांगत राहिले होते. पाऊणकीचं गुपित मी आपणहून ओरडून सांगेपर्यंत वाट बघत बसले होते ते धक्क्यावर, विडी ओढत. विडी! ती मी पार विसरले होते. पुढे त्यांनी सोडली म्हणून असेल.

पहाटे कधीतरी वीज आली, आणि पंख्याच्या वाऱ्यात मला झोप लागली असावी.

उठून मांगरात गेले तर आई कामाला बसलेलीच. पेंढ्याचा कोरडा वास, त्यात चिकाचा उग्र, डोक्यात जाणारा दर्प, आणि या दोन्हींच्या खालून हळूहळू वर येणारा पिकत्या आंब्याचा. बाय भिंतीशी, प्लगाजवळ, उलट्या क्रेटवर बसली होती. "आत्या, तू सांगितलंस तसं केलं. चारच येतंय."

मी वाकून बघितलं आणि माझे कान गरम झाले. अधिक आणि बरोबर आता जागच्या जागी होते. पण त्याच्या वरच्याच ओळीवर, फेऱ्याच्या, म्हणजे दर पेटीला पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या आत, चार मोकळ्या जागा सोडून (पायथॉनमध्ये आतलं-बाहेरचं त्यांवरूनच ठरतं), 'बेरीज = 0' बसलं होतं. म्हणजे प्रत्येक पेटी आली की आधी पाटी कोरी, मग त्यात ती पेटी. कालची चूक मी दुरुस्त केली नसती तरी उत्तर चार, केली तरी चार. दोन चुका एकीच्या आड एक उभ्या होत्या, आणि मी पहिलीवर बोट ठेवून मोठ्या रुबाबात सरबत प्यायला परत गेले होते. वरची एक ओळसुद्धा वाचली नव्हती. ऑफिसात कुणी पोराने असं केलं असतं तर मी काय काय बोलले असते!

तोंड उघडलं होतं. मिटलं.

बायने ओळीखाली आणखी एक ओळ घातली, प्रत्येक फेरीला बेरीज छापायची. पडद्यावर आकडे उतरले. पाच, पाच, सहा, चार, सहा. तिने दादाची वही मांडीवर घेतली आणि एकेक पेटी जुळवत गेली. ओठ हलत होते, थेट बापासारखे. "वाढत नाहीये," ती स्वतःशी म्हणाली. "ही पेटीच परत छापतंय." मी खाली बसून उगाच पेंढा विंचरायला घेतला. हाताला काम असलं की जिभेला जरा आवर बसतो.

पलीकडे आईची नवी पेटी सुरू झाली. "लाभ," म्हणत तिने पहिली जोडी ठेवली. आमच्याकडे मोजणी एकने सुरू करत नाहीत. लाभ, दोन, तीन, चार. थर भरला, पेंढा, पुन्हा थर. तीस जोड्या झाल्या, पाच डझन, झाकण. मग उठून तिने भिंतीवर कोळशाने एक रेघ मारली, कालच्या नव्हे, आजच्या ओळीत, आणि परत पाटावर बसली. "लाभ."

बायची बोटं थांबली होती. ती भिंतीकडे बघत होती, का आजीकडे, का नुसती शून्यात, ते मला सांगता येणार नाही.

"काय म्हणता गे तुझी पेटी?" आईने विचारलं. लॅपटॉपला ती पेटीच म्हणते.

"सापडलं का गं?" हे मी. राहवेना.

"आत्या, जरा गप रव."

मी गप राहिले. तिने कर्सर वर नेला, ती शून्याची ओळ उचलली आणि फेऱ्याच्या बाहेर, अगदी वर नेऊन ठेवली. पुढच्या चार मोकळ्या जागा एकेक करून पुसल्या. एंटर. पाच, दहा, सोळा, वीस, सव्वीस. आकडे धावायला लागले आणि शेवटी येऊन थांबले, ११८. बाय किंचाळलीच. "बाबा! ओ बाबा! हे बघा!" म्हणत लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून दाराकडे धावली. चार्जरची पिन तिथेच भिंतीशी लोंबकळत राहिली, आणि दारात पोचेपर्यंत पडदा काळा.

सेव्ह केलं होतंस का, हे मी विचारलं नाही.

आईने मान वर करून एकदा नातीकडे बघितलं, एकदा त्या काळ्या पडद्याकडे. "गेला? मगे पयल्यापासून मोज," ती म्हणाली, आणि पुढची जोडी उचलली.